हात आखडता घेण्याचे प्रशिक्षण

वर्गात आपण फळ्यावर एक भागाकार घातला आहे. मागच्या बाकावरची एक मुलगी अडली आहे. वहीवर पेन टेकवून ती नुसती बसली आहे आणि तास संपायला पाच मिनिटे उरली आहेत. अशा वेळी तिच्याजवळ जाऊन पुढची पायरी आपणच लिहून टाकण्याचा मोह कोणत्या शिक्षकाला होत नाही? गणित सुटते, तासही वेळेवर संपतो. पण दुसऱ्या दिवशी तसेच गणित आले की ती मुलगी पुन्हा पेन टेकवून आपली वाट पाहत बसते.

आता दुसरे दृश्य पाहू. एका वृद्धनिवासात सकाळचे सात वाजले आहेत. चौऱ्यांशी वर्षांच्या एक आजी पलंगाच्या कडेला बसून स्वेटरची बटणे लावत आहेत. सांधे आखडल्यामुळे एक बटण लागायला मिनिटभर लागते, आणि बटणे आहेत सहा. तिथल्या मदतनीस मावशींना साडेआठच्या आत आणखी सात जणांचे आवरायचे आहे. त्या हसून म्हणतात, "राहू द्या आजी, मी लावते." पंधरा सेकंदांत सहाही बटणे लागतात. आजींना बरे वाटते, मावशींचे काम पुढे सरकते.

दोघींचेही वागणे मायेचे आहे. तरीही हे रोज घडू लागले, तर काही महिन्यांनी आजींना बटणे लावता येईनाशी होतात. मग जेवणाच्या खोलीपर्यंत चालत जाण्याऐवजी चाकाची खुर्ची येते. पुढे खुर्चीतून उठणेही थांबते. हे सगळे आपण 'वय झाले' या दोन शब्दांत गुंडाळून ठेवतो. यातले वयामुळे किती होते आणि न हलल्यामुळे किती, हा प्रश्न गेली अनेक दशके शास्त्रज्ञांनी कसून तपासला आहे. त्यातून एक वेगळाच विषय पुढे आला: वृद्धांची देखभाल करणाऱ्यांना, त्यांच्याकडून हालचाल करून घ्यायला शिकवणे. या लेखात आपण त्याची ओळख करून घेऊ.

पडून राहण्याची किंमत

पूर्वी बहुतेक आजारांवर 'अंथरुणात पडून राहा' हा हमखास सल्ला असे. रिचर्ड अॅशर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा लेख लिहून या समजुतीला धक्का दिला. पडून राहिल्याने फुप्फुसे, रक्तवाहिन्या, सांधे, हाडे, आतडी आणि मन या सगळ्यांवर काय दुष्परिणाम होतात, याची यादीच त्यांनी मांडली.

त्यानंतर मोजमापे झाली. १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवले गेले. जोरदार व्यायाम करताना शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, यावरून दमश्वास मोजतात. या तरुणांच्या बाबतीत हा आकडा तीन आठवड्यांत सुमारे चतुर्थांशाने घसरला. खरी गंमत पुढे आहे. तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. तेव्हा ते पन्नाशीचे झाले होते. तीस वर्षांच्या वयोमानाने त्यांच्या दमश्वासाचे जेवढे नुकसान केले होते, त्याहून जास्त नुकसान त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केले होते!

वयस्कर माणसांत हे आणखी वेगाने होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात साठी ओलांडलेल्या निरोगी स्वयंसेवकांनी दहा दिवस अंथरुणात काढले. तेवढ्यात त्यांच्या पायांतला चरबीखेरीजचा भाग, म्हणजे मुख्यतः स्नायू, जवळजवळ एक किलोने घटला. गुडघा सरळ करण्याची ताकद सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाली. ही माणसे आजारी नव्हती, फक्त पडून होती.

असे का होते? स्नायूंतली प्रथिने सतत मोडत आणि नव्याने बनत असतात. स्नायूवर ताण पडला की 'बनवा' असा संदेश मिळतो. ताण नसेल तर मोडणे चालूच राहते आणि बनणे मंदावते. आपल्या घरखर्चासारखेच आहे हे. जमा थांबली तरी खर्च थांबत नाही.

खुर्चीतून उठण्याचे गणित

थोडी ताकद कमी झाली तर एवढे काय बिघडले, असे कोणी विचारेल. त्याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे.

खुर्चीतून उठताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना ठरावीक जोर लावावा लागतो. तो आपल्या वजनावर आणि खुर्चीच्या उंचीवर अवलंबून असतो. वयाशी त्याचा संबंध नाही. २००३ सालच्या एका अभ्यासात असे दिसले, की या कामासाठी तरुणांना आपल्या कमाल ताकदीच्या सुमारे ४२ टक्के ताकद लागते, तर सत्तरी ओलांडलेल्यांना सुमारे ८० टक्के. म्हणजे ज्या कामाला आपण काम म्हणतही नाही, ते आजोबांसाठी जवळजवळ वजन उचलण्याच्या स्पर्धेइतके असते.

आता हिशोब करू. समजा एका आजोबांची कमाल ताकद १०० आहे आणि उठायला ८० लागते. तापाने ते दहा दिवस पडून राहिले आणि ताकद १५ टक्क्यांनी घटून ८५ झाली. अजून ते उठू शकतात, कुणाला काही फरक कळत नाही. चार महिन्यांनी पुन्हा आजारपण आले. ८५ चे १५ टक्के गेले आणि उरले सुमारे ७२. काल उठणारा माणूस आज उठू शकत नाही! घट हळूहळू झाली, पण उंबरठा ओलांडला गेला तो एकदम. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, अचानक म्हातारपण आले.

या गणितातच उपाय दडलेला आहे. ७२ चे ८२ करता आले, तर माणूस पुन्हा स्वतः उठेल. किंवा खुर्चीची बैठक चार बोटे उंच केली, तर ८० ऐवजी कमी जोर पुरेल. दोन्ही केले तर फारच उत्तम.

नव्वदीतला व्यायाम

पण इतक्या वयात स्नायू पुन्हा वाढतात का? १९९० सालापर्यंत बहुतेकांचे उत्तर 'नाही' असेच होते. त्या वर्षी मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत बोस्टनमधल्या एका वृद्धनिवासातला प्रयोग प्रसिद्ध केला. भाग घेणारे दहा जण होते आणि त्यांचे सरासरी वय होते ९०. आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, पायाने वजन उचलण्याचा व्यायाम त्यांना दिला गेला. वजनही नावापुरते नव्हते. एका वेळी कमाल जेवढे उचलता येईल त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत ते नेले गेले.

व्यायाम पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे ती जवळजवळ पावणेतीनपट झाली. दोघांनी चालताना काठी सोडली. हातांचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठू न शकणारे तिघे होते. त्यांतला एक जण आधाराशिवाय उठू लागला.

दहा जणांचा प्रयोग लहान म्हणून त्याच गटाने १९९४ साली १०० जणांवरचा मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. यात चार गट केले होते. एकाला व्यायाम, दुसऱ्याला पौष्टिक पेय, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला दोन्ही नाही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दहा आठवड्यांत ११३ टक्क्यांनी वाढली, न करणाऱ्यांची फक्त ३ टक्क्यांनी. नुसत्या पौष्टिक पेयाने ताकदीत फरक पडला नाही. आपल्याकडे 'आजोबांना अशक्तपणा आलाय, काहीतरी ताकदीचे द्या' असे म्हणण्याची पद्धत आहे. हा निष्कर्ष त्यावर विचार करायला लावतो.

मात्र १९९० च्या प्रयोगातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. व्यायाम थांबल्यावर चार आठवड्यांत कमाल ताकद ३२ टक्क्यांनी उतरली. कमावलेली ताकद साठवून ठेवता येत नाही, ती रोजच्या वापरातच टिकते. शास्त्रज्ञ आठ आठवडे येऊन निघून जातील. रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी तिथे कोण असते? स्वेटरची बटणे लावणाऱ्या मावशी. म्हणून प्रश्न पुन्हा त्यांच्यापाशीच येतो.

परावलंबन कोण शिकवते?

वृद्ध आणि त्यांची देखभाल करणारे यांच्यात रोज नेमके काय घडते, हे मार्गरेट बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७० आणि ८० च्या दशकांत पद्धतशीर पाहिले. त्यांची पद्धत साधी पण कष्टाची होती. निरीक्षक वृद्धनिवासात बसून नोंद करीत. आजींनी काय केले? लगेच नंतर मदतनिसाने काय केले? अशा असंख्य नोंदींतून एक ठरलेला साचा दिसला.

आजी स्वतः कपडे घालत असतील, जेवत असतील, तर मदतनीस बहुधा तिकडे लक्षच देत नाही. तिला वाटते, 'बरे झाले, इकडे काम नाही.' आजी हात टेकून बसल्या, मदत मागू लागल्या की लगेच माणूस येते, बोलते, स्पर्श करते, काम करून देते. ज्या ठिकाणी दिवसभरात बोलायला फारसे कोणी नसते, तिथे याचा अर्थ काय होतो? स्वतः काम केले तर एकटेपणा मिळतो आणि हात टेकले तर सोबत मिळते. कोणी मुद्दाम शिकवत नाही, तरी धडा पक्का बसतो.

हीच निरीक्षणे मुलांच्या बाबतीत केली तेव्हा चित्र वेगळे दिसले. मूल स्वतः काही करू लागले की मोठ्यांचे लक्ष जाते, शाबासकी मिळते. मुलाकडे पाहताना आपल्या डोळ्यांसमोर 'उद्या हे करू शकेल' असे असते. वृद्धाकडे पाहताना 'उद्या याला हे जमणार नाही' असे असते. फरक आपल्या अपेक्षेत आहे.

बाल्टेस आणि सहकाऱ्यांनी पुढची पायरीही गाठली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी वृद्धनिवासातल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले. म्हातारपणीही शरीर आणि मन बदलू शकते हे समजावले, स्वतःचे वागणे निरखायला लावले, आणि स्वतः केलेल्या कामाला प्रतिसाद कसा द्यायचा ते शिकवले. त्यानंतरच्या नोंदींत कर्मचाऱ्यांचे वागणे बदललेले दिसले आणि वृद्ध माणसे जास्त कामे स्वतः करू लागलेली दिसली. औषध बदलले नव्हते, यंत्र आणले नव्हते.

प्रशिक्षणात काय असते?

अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात बार्बरा रेस्निक या परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापिका गेली अनेक वर्षे अशा प्रशिक्षणावर काम करत आहेत. (एक खुलासा: आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे लहान खाजगी इस्पितळ. अमेरिकेत मात्र नर्सिंग होम म्हणजे ज्यांना सतत देखभाल लागते अशा, मुख्यतः वृद्ध, माणसांचे कायमचे निवासस्थान.) त्यांच्या पद्धतीत आणि इतर देशांतल्या अशा कार्यक्रमांत काही गोष्टी समान आढळतात.

पहिली गोष्ट म्हणजे मदतीची पायरी ओळखणे. मदत ही 'आहे' किंवा 'नाही' अशी दोनच प्रकारची नसते. तिला पायऱ्या असतात. आधी थांबून वाट पाहायची. मग शब्दांनी सुचवायचे. मग खुणेने किंवा स्वतः करून दाखवायचे. मग हलका स्पर्श करून सुरुवात करून द्यायची. मग अर्धे काम आपण आणि अर्धे त्यांनी करायचे. सगळ्यात शेवटी पूर्ण मदत. नियम एवढाच, की खालच्या पायरीवर भागत असेल तर वर चढायचे नाही. आपल्या आजींच्या बाबतीत मावशी चार मोठी बटणे आजींना लावायला सांगतील आणि गळ्याजवळची दोन अवघड बटणे स्वतः लावतील.

दुसरी गोष्ट उठण्याचे तंत्र. याचा प्रयोग वर्गात जरूर करा. एका विद्यार्थ्याला खुर्चीत पाठ ताठ ठेवून, पावले गुडघ्यांच्या पुढे ठेवून, हाताची घडी घालून बसवा. आता त्याच्या कपाळावर फक्त एक बोट टेकवून ठेवा आणि त्याला उठायला सांगा. धडधाकट मुलगाही उठू शकत नाही! बोटात ताकद असते म्हणून नव्हे. बसलेल्या माणसाच्या गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा खुर्चीच्या बैठकीवर पडतो. उभे राहायचे तर तो पावलांवर पडला पाहिजे. त्यासाठी डोके आणि धड पुढे झुकावे लागते. बोटाने नेमके तेच अडवले.

वृद्धांना उठवताना पुष्कळ जण त्यांच्या समोर अगदी जवळ उभे राहून दंडांना धरून वर ओढतात. असे केले तर पुढे झुकायला जागाच राहत नाही. वर खांद्याचा सांधा दुखावतो आणि ओढणाऱ्याची कंबरही. प्रशिक्षणात शिकवतात ते असे: बाजूला उभे राहा. आजींना खुर्चीच्या पुढच्या कडेशी सरकायला सांगा. पावले मागे, गुडघ्यांच्या खाली घ्यायला सांगा. नाक पायांच्या बोटांच्या वर येईल इतके पुढे झुकायला सांगा. मग हातांनी खुर्चीचे हात दाबून उठू द्या. ज्यांना उठता येत नाही असे समजले जात होते, त्यांतले काही जण एवढ्यानेच उठतात.

तिसरी गोष्ट शरीराचे संकेत. आडव्या माणसाने एकदम उभे राहिल्यास अर्धा ते एक लिटर रक्त पाय आणि पोटाच्या शिरांकडे उतरते. तरुण शरीर काही सेकंदांत रक्तदाब सावरते, वृद्ध शरीराला वेळ लागतो. म्हणून आधी पलंगाच्या कडेला दोन-तीन मिनिटे बसवायचे, पावले वरखाली हलवायला लावायची, मग उभे करायचे. छातीत दुखणे, चक्कर, वेगळाच दम लागणे अशा वेळी थांबायचे आणि डॉक्टरांना किंवा परिचारिकेला सांगायचे.

चौथी गोष्ट मनाची. 'मला जमेल' हा विश्वास कशातून येतो, याची मांडणी अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली केली. त्यांनी चार उगम सांगितले. स्वतः केलेले यश, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणे, विश्वासातल्या माणसाचे उत्तेजन, आणि शरीरमनाची त्या वेळची अवस्था, म्हणजे वेदना, भीती वगैरे. रेस्निक यांनी हे चारही प्रशिक्षणात आणले. आधी लहान ध्येय: आज दारापर्यंत, पुढच्या आठवड्यात व्हरांड्यापर्यंत. शेजारच्या खोलीतल्या आजी चालताहेत ते दाखवायचे. गुडघा दुखत असेल तर आधी वेदनेवर उपचार करायचे. आणि हेच चार नियम मदतनिसांनाही लागू करायचे, कारण 'माझ्याकडून हे होईल' असा विश्वास त्यांनाही लागतो. २००९ साली त्यांनी मेरीलँडमधल्या १२ नर्सिंग होममध्ये केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. चालणे आणि तोल यांच्या मोजमापात काहीशी सुधारणा दिसली. चमत्कार नव्हे, पण जिथे दर महिन्याला घसरणच अपेक्षित असते तिथे हेही थोडे नाही.

वृद्धनिवासांतल्या पुष्कळ जणांना स्मृतिभ्रंश असतो. त्यांच्यासाठी सूचना एका वेळी एकच आणि छोटी द्यावी लागते. 'उठा, चला, जेवायला जायचंय' असे तीन तुकडे एकदम दिले तर गोंधळ होतो. पण ओळखीची कामे हातांना आठवत असतात. आयुष्यभर कपड्यांच्या घड्या घातलेल्या आजींच्या पुढे धुतलेले टॉवेल ठेवले, तर व्यायामाला नाही म्हणणाऱ्या आजी उभ्या राहून घड्या घालू लागतात. माणूस पूर्वी काय करत होता, हे मदतनिसाला माहीत असणे म्हणूनच प्रशिक्षणाचा भाग असते.

पडले तर काय?

मदतनीस सगळ्यात जास्त कशाला भीत असतील तर ते वृद्ध पडण्याला. खुब्याचे हाड मोडणे ही म्हातारपणातली मोठी आपत्ती आहे आणि ठपका बहुधा त्या वेळी ड्यूटीवर असलेल्या बाईवर येतो. ही भीती खोटी नाही. त्यामुळे 'बसून राहा, उठू नका' हेच सुरक्षित वाटते.

अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये एके काळी याची परमावधी झाली होती. वृद्धांना पट्ट्याने खुर्चीला किंवा पलंगाला बांधून ठेवणे ही नेहमीची गोष्ट होती, आणि तीही त्यांच्या सुरक्षिततेसाठी. १९८७ च्या कायद्याने तिथे यावर कडक बंधने आली. मेरी टिनेटी आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बांधून ठेवलेल्यांच्या गंभीर दुखापती कमी झालेल्या दिसल्या नाहीत. उलट त्या जास्त असाव्यात असे आकडे निघाले. कारण आता आपल्याला सांगता येईल. बांधलेल्या माणसाचे स्नायू उतरतात, तोल जातो आणि सुटल्यावर तो आधीपेक्षा सहज पडतो.

म्हणून धोका दोन्हीकडे आहे. चालण्यातला धोका आज दिसतो आणि बसण्यातला सहा महिन्यांनी. चांगले प्रशिक्षण हा हिशोब मदतनिसापुढे उघड मांडते आणि चालण्यातला धोका कमी करायला शिकवते: पायात नीट बसणारी चप्पल, रात्री संडासाच्या वाटेवर दिवा, कोरडी फरशी, डोळ्यांवर चष्मा. धोका पत्करण्याचा निर्णय मात्र एकट्या मावशींवर ढकलता कामा नये. त्यात संस्था, डॉक्टर, नातेवाईक आणि मुख्य म्हणजे स्वतः आजी यांचा वाटा हवा.

वेळ कुठून आणायचा?

इथपर्यंत वाचून सगळे सोपे वाटले असेल, तर थोडे थांबायला हवे.

जॅक श्नेले या अमेरिकन संशोधकांनी एक व्यवहारी कल्पना काढली. दर दोन तासांनी मदतनीस वृद्धांना संडासाला नेण्यासाठी येतेच. तेव्हाच त्यांना काही वेळा उठबस करायला लावायची आणि थोडे चालवायचे. वेगळा व्यायामाचा तास नको. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आठ महिने, आठवड्याचे पाच दिवस हे केले गेले. हालचाल आणि ताकद यांत फायदा झाला. पण त्यासाठी पाच वृद्धांमागे एक मदतनीस लागेल असा हिशोब निघाला, आणि बहुतेक नर्सिंग होममध्ये एवढी माणसे नव्हती. बटणांचा प्रश्न पुन्हा समोर आला. पंधरा सेकंद की सहा मिनिटे?

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री, वॉरिकशायर आणि ईशान्य लंडन या भागांतल्या ७८ वृद्धनिवासांत एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण होते आणि आठवड्यातून दोनदा भौतिकोपचार तज्ज्ञ ४५ मिनिटांचा सामूहिक व्यायाम घेत. वृद्धांमधले नैराश्य कमी होते का, हे पाहायचे होते. ते कमी झाले नाही. ७८ निवास, शेकडो माणसे, वर्षभराचे कष्ट, आणि उत्तर 'नाही'.

असे निष्कर्ष लपवू नयेत. विद्यार्थ्यांना तर ते आवर्जून सांगावेत. विज्ञानात 'नाही' हेही उत्तर असते. आम्हाला त्यातून दोन गोष्टी दिसतात. एक, आठवड्यात १६८ तास असतात. त्यांतला दीड तास व्यायामाचा आणि उरलेले साडेसहासष्ट अधिक शंभर तास खुर्चीतले असतील, तर फार आशा धरता येत नाही. दोन, कर्मचाऱ्यांना एकदा व्याख्यान देऊन भागत नाही. शिकलेले रोजच्या कामात उतरायला सोबत लागते, वेळ लागतो आणि वरिष्ठांचा पाठिंबा लागतो. शिक्षक-प्रशिक्षणाच्या शिबिरांचा अनुभव असणाऱ्या आपल्या वाचकांना हे निराळे सांगायला नको. शिबिरात ऐकलेली नवी पद्धत साठ मुलांच्या वर्गात गेल्यावर का टिकत नाही, त्याचेच हे दुसरे रूप आहे.

मावशींनी सहा मिनिटे थांबावे असे वाटत असेल, तर त्यांच्या कामाच्या वाटणीत ती सहा मिनिटे धरली पाहिजेत. नुसत्या उपदेशाने ती निर्माण होत नाहीत. आणि या कामाला कौशल्य लागते हे मान्य केले, तर त्याची किंमतही तशी दिली पाहिजे.

शाळेत काय करता येईल?

वरच्या वर्गांतल्या मुलांना हा विषय हाताळता येईल. रॉबर्टा रिक्ली आणि जेसी जोन्स या अमेरिकन संशोधकांनी १९९० च्या दशकात वृद्धांसाठी काही सोप्या चाचण्या बसवल्या. त्यांतली एक अशी: सुमारे ४३ सेंटिमीटर उंच, बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. हात छातीवर घडी करून घ्यायचे. तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येते ते मोजायचे. अमेरिकेत वापरात असलेल्या तक्त्यानुसार साठ ते चौसष्ट वयाच्या बायकांना १२ पेक्षा कमी आणि ऐंशी ते चौऱ्यांशीच्या बायकांना ९ पेक्षा कमी वेळा जमले, तर पडण्याचा धोका जास्त समजतात. पुरुषांसाठी हे आकडे १४ आणि १० आहेत.

मुलांनी हे आधी वर्गात एकमेकांवर करावे. घरी आजी-आजोबांवर करायचे असेल तर त्यांची राजीखुशी असावी आणि शेजारी मोठे माणूस उभे असावे. गुडघ्याची शस्त्रक्रिया, हृदयविकार किंवा चक्करेचा त्रास असलेल्यांवर करू नये. वर्गातले आकडे आलेखावर मांडले तर वयाबरोबर काय होते ते दिसेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकाच वयाच्या माणसांत किती फरक असतो तेही दिसेल.

दुसरे काम निरीक्षणाचे. बाल्टेसबाईंसारखी एक वही करावी. घरातल्या वयस्कर माणसासाठी दिवसभरात आपण कोणकोणती कामे करून देतो? पाण्याचा तांब्या हातात आणून देणे, ताट उचलणे, चप्पल पायापाशी ठेवणे. त्यांतले कोणते त्यांना स्वतः करता आले असते? आपण मदत का केली? गरज होती म्हणून, प्रेम म्हणून, की घाई होती म्हणून? तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरायला मोठ्यांनाही जड जातो, असा आमचा अंदाज आहे.

ताट उचलून देणे हा आपल्याकडे मान आहे आणि तो सोडावा असे आमचे म्हणणे नाही. पण आजोबांनी 'राहू दे, मी ठेवतो' म्हटले, तर त्यांच्या हातून ताट ओढून घेऊ नये. त्या वेळी ते आपल्या मांडीच्या स्नायूंना 'बनवा' असा संदेश पाठवत असतात. आपण बाजूला उभे राहावे, फरशी कोरडी आहे ना पाहावे, आणि अडलेल्या मुलीच्या बाकाजवळ थांबतो तसे थोडे थांबावे.